दोरीची जागा

मी एक जुना भाला आहे. आज माझ्या अंगावर जो पोपडे निघालेला निळा रंग दिसतो, तो एके काळी फार सुंदर होता, असं मीच सांगतो. दुसरं कोणी सांगणारं उरलेलं नाही.

कारखान्यात माझं पोकळ अंग घासून गुळगुळीत केलं, पुढे पोलादी टोक बसवलं आणि मध्यावर घट्ट दोरी गुंडाळली. शाळेत आलो त्या दिवशी माझं भलतंच कौतुक झालं. पाहुण्यांनी मला उलटा धरून फोटो काढून घेतला. नंतर बरीच वर्षं माझ्याकडे कोणी फिरकलं नाही; खिडकीतल्या उन्हात पडून माझा रंग उडाला.

शिपाईमामांना मात्र गुणांची पारख. छताची जळमटं काढायला त्यांना लांब काहीतरी हवंच होतं. त्यांनी माझी दोरी सोडली आणि तिनेच माझ्या टोकाला झाडू बांधला. मित्रांनो, अकरा वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं. शाळेतले कोळी मला ओळखून होते. एक कुतूहल तेवढं छळायचं: हे टोक जमिनीत रुतलं, तर कसं वाटत असेल?

दहावीत एक उंच मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत. ती धावण्याच्या संघात होती, पण त्या दुपारी खेळाच्या सरांनी तिला सांगितलं, की तू रोज शेवटी येतेस, यादी उद्या जायची आहे, नाव काढावं लागेल. शाळेतलं तिचं ते शेवटचं वर्ष. उंच म्हणून झाडात अडकलेला चेंडू काढायचं काम तेवढं तिच्याकडे आलं, आणि तिच्या हातात मी.

चेंडू पडला, झाडू मात्र दोरीसकट फांदीत अडकला. तेवढ्यात सभागृहाच्या पायरीवरून मामांनी हाक मारली, "अगं, माझी काठी आण लवकर. पाहुणे येऊन जातील आणि जळमटं राहतील."

शिडी आधीच वैतागलेली. समोर मैदान रिकामं आहे एवढं तिने पाहिलं, मला मधोमध उचललं, तशीच चार ढांगा धावली आणि फेकलं.

मामांपासून बऱ्याच अंतरावर, मुख्याध्यापकांच्या फुलांच्या वाफ्यात मी टोकावर उभा राहिलो. कितीतरी वेळ थरथरत होतो. असं वाटतं होय!

सर टेप घेऊन धावले. टेप तीस मीटरची; ती संपली तरी मी पुढेच होतो. उरलेली सात पावलं त्यांनी चालून मोजली.

"पुन्हा टाक," ते म्हणाले. "आणि जरा मागे धर, म्हणजे जोर मिळेल."

सर मूळचे गणिताचे. तिने मागे धरलं. मी आडवा पडलो. दुसऱ्यांदाही तेच. मघाशी वारा असावा, असं म्हणून सर टेप गुंडाळू लागले.

शिडी माझ्याशेजारी मातीत बसली आणि मला सावकाश फिरवून बघू लागली.

"सर, इथे एवढाच रंग नवा कसा?"

मधोमध वीतभर निळाभोर पट्टा होता. सरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी झाडाकडे पाहिलं.

"तिथे एक दोरी होती," मामा म्हणाले. "उगाच गुंडाळून ठेवलेली. मी कामाला लावली."

शिडीने त्या पट्ट्याखाली एक बोट धरलं आणि मला त्यावर ठेवलं. मी इकडे कललो नाही, तिकडे कललो नाही. अकरा वर्षांत माझा तोल कोणी विचारलाच नव्हता.

मग तिने मला तिथेच धरून फेकलं. टेप संपून वर नऊ पावलं. सरांनी खिशातून यादी काढली, तिच्या नावापुढचं 'धावणे' खोडलं आणि 'भालाफेक' लिहिलं.

"आणि माझ्या जळमटांचं काय?" मामांनी विचारलं.

"मी आहे ना मामा. शिडी."

मामा हसले. मग स्वतःच झाडावर चढून त्यांनी फांदीतली दोरी सोडवली आणि माझ्या पोटाला गुंडाळली. थोडी तिरपी बसली आहे. मी तक्रार केलेली नाही.

मित्रांनो, कोपऱ्यात लांबट काही दिसलं, तर झाडू बांधण्याआधी एकदा बोटावर तोलून पाहा. मला फेकाल तेव्हा पुढे कोणी नाही ना, हे आधी बघा. सराव झाला, की टोक पुसून ठेवा. थोडी माती राहिली तरी चालेल. मला ती आवडते.