ओर्नेल्ला दाराला टेकते

नव्या मोटारीचा मातीचा नमुना घडवणाऱ्याने गाडीला अंग लावायचं नाही, हा इटलीतल्या तोरिनोच्या त्या मोटार कारखान्याचा पहिला नियम. आणि काल दुपारी, डब्यातली अन्योलोत्ती खाता खाता, ओर्नेल्लाबाई नेमक्या उजव्या दाराला टेकल्या! माती नुकतीच चढवलेली, कोमट. बाईंचा भार अगदी झोकात उमटला. ती हात धुवायला गेली तेवढ्यात डिझायनर फुल्वियोने लेझर फिरवून गाडी स्कॅनही करून टाकली. झालं! परत आल्यावर तो खळगा पाहून तिने कपाळावर हात मारला.

आज भिंतीएवढ्या पडद्यावर तीच गाडी खऱ्या मापात, चंदेरी रंगात झळकत होती. बैठकीचा विषय एकच: सगळं पडद्यावर होतंय, तर मातीखातं ठेवायचं कशाला? खातं गेलं की ओर्नेल्लाची नोकरीही गेली.

मुख्य इंजिनिअर बोसियो पडद्यावरच्या त्या उजव्या दारापाशी थबकले. "वा! काय सावली पडलीय इथे! हे कुणाचं डोकं?"

डोकं! ओर्नेल्लाने जीभ चावली.

"माझंच, साहेब," फुल्वियो पुढे सरसावला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! "कॉम्प्युटरवरच काढलं होतं. म्हणून म्हणतो, माती हवी कशाला?"

"असं? मग तुझं ड्रॉइंग लाव बरं या स्कॅनवर."

फुल्वियोचं तोंड उतरलं, पण लावावं तर लागलंच. जुळेल तिथे हिरवं, चुकेल तिथे तांबडं. अख्खी गाडी हिरवीगार आणि उजव्या दारावर हा भलाथोरला तांबडा डाग. गोल, रुंद, बाकदार. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

ओर्नेल्ला उभी राहिली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. "साहेब, डोकंबिकं काही नाही. माझा कुल्ला आहे तो. काल जेवताना टेकले होते. नोकरी घ्यायची तर घ्या, पण माझा कुल्ला याच्या नावावर चढवू नका!"

बोसियो हसता हसता खुर्चीतच बसले. डोळे पुसून म्हणाले, "फुल्वियो, तुझ्या कॉम्प्युटरला सुचलं असतं हे?"

"नाही, साहेब."

"मग खातं राहतंय. बाई, आता हीच सावली मागच्या दारावर न्यायचीय."

दुपारी सगळी बैठक खाली मातीखात्यात जमली. ताज्या मातीपुढे ओर्नेल्ला लाजून लालबुंद.

"तोंडं फिरवा आधी!" ती ओरडली.

इंजिनिअरसाहेबांसकट सगळे मुकाट्याने भिंतीकडे वळले, आणि बाई ऐसपैस टेकल्या.