लगेच फोटो काढ

छायाचित्र म्हणजे क्षणाला दिलेलं अमरत्व. हेडक्लार्कला मात्र गुरुवारचा तो क्षण मेलेलाच हवा होता. मणका सरकल्याचा डॉक्टरी दाखला देऊन घेतलेल्या रजेत तो बागेत मुलीला खांद्यावर घेऊन नाचत होता, आणि पुढ्यात मेहुणी स्वतःचा फोटो घेत होती. संध्याकाळी तो फोटो, मागे नाचणाऱ्या त्याच्यासकट, तिच्या इमारतीच्या ग्रुपवर झळकला. साहेब त्याच इमारतीत राहत. खोट्या रजेबद्दल एक मेमो त्याला आधीच मिळालेला. दुसऱ्या मेमोला सरळ घरी बसवत.

त्याने मेहुणीला लिहिलं, 'फोटो काढ. लगेच. नोकरीचा प्रश्न आहे.'

'उद्या सकाळी काढते, भावजी!'

उद्या का, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही.

सकाळी मेहुणी दारात उभी राहिली तेव्हा तो भरलेला सिलिंडर खांद्यावरून उतरवत होता. तिने फोन उंचावला.

"काढला!"

"सुटलो बाई," तो म्हणाला आणि मटकन सिलिंडरवरच बसला. "कुणी बघितला नाही ना?"

"बघतील की! आत्ताच टाकला ग्रुपवर. खाली लिहिलंय, आमचे भावजी नोकरी शोधताहेत, कष्टाळू आहेत."

तो सिलिंडरवरून ताडकन उठला.

"अगं, काढ म्हणजे काढून टाक!"

"मग तसं लिहायचं ना! अय्या, तुमच्या साहेबांचा अंगठा आलासुद्धा."

आतून बायको म्हणाली, "माझा फोटो काढा म्हटलं की हात दुखतात यांचे."

सोमवारी तो काठी टेकत ऑफिसात गेला. अकराला बोलावणं आलं. त्याने केबिनच्या दारावर टकटक केली.

"या. दार लावून घ्या." साहेबांनी स्वतःचा फोन पुढे सरकवला. "हे काय आहे?"

"साहेब, माझी मुलगी लहान आहे हो..."

"सारखा अडकतोय हा फोन. तुम्हाला कळतं ना यातलं? आमच्या ग्रुपवरचे फोटो तेवढे पुसून टाका. सगळे."

साहेब फायलीत डोकं घालून बसले. त्याचं बोट पडद्यावरून सरकत गेलं. सिलिंडर आला. मग बाग आली. दोन्हींखाली साहेबांचा अंगठा होता.

दोन्हींच्या मध्ये तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारल्याची बातमी होती, फोटोसकट. तिलाही साहेबांचा अंगठा होता.