चिमूटरावांची नवी भट्टी

चिमूटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पावाच्या पिठात रोज एकच गोष्ट बदलायची, तीही चिमूटभर, आणि मग चाखून बघायचं, या सवयीपायी गल्लीनं ते त्यांना चिकटवलं. त्यांचा पाव असाच कणाकणानं सुधारत गेला होता. पण लेकीनं पडद्यावर चालणारी भट्टी आणली आणि त्यांची पार भंबेरी उडाली. पडद्यावर बटणांचा नुसता बाजार!

"महिनाअखेरपर्यंत पाव जमला नाही, तर तू भट्टी सांभाळ, मी गल्ल्यावर बसतो," ते तावातावानं बोलून गेले. भट्टी सोडायची म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

मग त्यांनी आपली जुनीच वाट धरली. रोज एकच बदल. पाव बसका निघाला, म्हणून आच जराशी वाढवली. दुसऱ्या दिवशी पाव तसाच बसका. परत वाढवली, परत तेच.

"ही भट्टी आहे की खाष्ट सासू? काही करा, नाक मुरडतेच!"

यंत्र बिघडलंय की आपलंच डोकं, त्यांना काही कळेना. मनातून ते घाबरले होते.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी त्यांनी आच वाढवली आणि तिथेच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा आकडा खाली उतरला.

"अगं, धाव! हिच्यात भूत शिरलंय!"

लेक गल्ल्यावरून आली. हातात फोन, चेहरा पडलेला.

"भूत नाही बाबा, मीच. फोनवरून बदलता येतं. आच जास्त झाली की वरची साल आधीच कडक होते, म्हणून पाव बसतो, असं मला वाटलं. रोज जराशी कमी करत होते. तुमचीच रीत."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रागानं लगेच गल्ल्यावर जाऊन बसला असता."

त्यांना राग आला, पण तो कुणावर काढावा हेच समजेना. एका वेळी एकच बदल, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तो एकमेकांना सांगून करायचा, हे शिकवायची वेळच आली नव्हती, कारण भट्टीपाशी ते दुसऱ्या कुणाला उभंच राहू देत नसत.

ते जरा बाजूला सरकले.

"आज तू बदल. मी बघतो."

"आणि गल्ला?"

"गल्ल्यावर बसायला कुणीही मिळेल. इथं दोघं लागतात."