शेवाळी बाबागाडी

मी एक जुनी घडीची बाबागाडी आहे. मित्रांनो, मला विकत घेण्यात कुणाचा काय फायदा होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बाबांचा फायदा साडेपाच किलोंचा. आईचा फायदा एका मोकळ्या हाताचा. ठकूचा, म्हणजे त्यांच्या सव्वा वर्षाच्या मुलीचा, डोक्यावरच्या सावलीचा. आणि आजीचा? आजी म्हणाली, "मला काय करायचंय गाडीशी? मी काय तीत बसणार आहे?" आपला काहीच फायदा नाही असं जो आपणहून सांगतो, त्याच्यावर जरा नजर ठेवावी, हे मी त्या दुकानात उभ्या उभ्या शिकले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हलक्या धातूच्या नळ्या वाकवून माझा सांगाडा केला. एका बाईंनी माझी बैठक शिवली. शेवटी तपासनिसाने मला चाळीस वेळा उघडलं आणि चाळीस वेळा मिटलं. दांड्यावरचं बटण दाबायचं, एक हिसका द्यायचा, की मी मिटून छोट्या बॅगेएवढी होते. तेवढीच माझी विद्या. कापडाचा रंग शेवाळी. हा रंग कुणी निवडला देव जाणे. दुकानात आठ महिने मी त्या रंगापायी पडून होते. गिऱ्हाईक यायचं, निळ्या गाडीकडे वळायचं.

माझ्या डाव्या हाताला तीन मोठ्या चाकांची एक धिप्पाड गाडी होती. उजव्या हाताला होती छत्रीगाडी. तिला माझ्यासारखा आडवा दांडा नव्हता. छत्रीच्या मुठीसारखे दोन वेगवेगळे वाकडे हात होते. ती माझ्याहून हलकी होती आणि ते ती विसरू देत नसे.

एका सकाळी हे कुटुंब आलं. ठकूचे बाबा पार्सल कचेरीत वजन करायला बसतात. त्यामुळे ठकूची आई त्यांना 'काटेमास्तर' म्हणते आणि आपणही तेच म्हणू. सगळ्यांना मिळून विमानाने दूरच्या गावी जायचं होतं. तिथे आजीची थोरली बहीण राहते, तिला सगळे माई म्हणतात. दोघी बहिणी सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या. घरातली जुनी बाबागाडी बारा किलोंची होती. तिला विमानाच्या दारापर्यंत न्यायचं म्हणजे घोड्यालाच पाठीवर घेण्यासारखं होतं.

काटेमास्तरांनी खिशातून चक्क ताणकाटा काढला. आकडा अडकवून त्यांनी आम्हा तिघींना एकेक करून टांगलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बत्तीस वर्षं दुकान चालवतेय," त्या म्हणाल्या. "स्वतःचा काटा घेऊन आलेलं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतेय."

"घरी भाजीवाल्यालासुद्धा सोडत नाहीत," ठकूची आई म्हणाली.

धिप्पाड गाडी पहिल्याच फेरीत बाद झाली. मी भरले सहा किलो चारशे. छत्रीगाडी पाच किलो शंभर. काटेमास्तरांचा चेहरा उजळला. "झालं! छत्रीगाडी. सव्वा किलोचा फरक आहे."

सगळे जण काट्याकडे बघत होते. आजी मात्र आमच्याकडे बघत होती. ती सहज फिरल्यासारखी आली. छत्रीगाडीच्या दोन मुठी धरून दोन पावलं चालली. मुठी दोन बाजूंना डळमळल्या. मग ती माझ्याकडे आली. तिने दोन्ही तळवे माझ्या दांड्यावर ठेवले आणि हळूच भार टाकला.

मित्रांनो, गाडी ढकलणाऱ्या हाताचं वजन किती असतं ते आम्हाला कळतं. तो हात पुढे लोटतो. आजीचा हात खाली दाबत होता. डावं पाऊल पुढे टाकताना थोडा, उजवं टाकताना फार. तिचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता आणि हे त्या दुकानात फक्त मला कळलं. निदान मला तसं वाटलं.

"ही घ्या," आजी म्हणाली. "मला हिचा रंग आवडला."

"रंग?" काटेमास्तर म्हणाले. "आई, हा रंग? तळ्यातून काढल्यासारखी दिसतेय ती."

"मलाही शेवाळीच हवीय," ठकूची आई एकदम म्हणाली. "एका हाताने मिटते. ठकू कडेवर असताना मला दुसरा हात कुठून येणार?"

सासू-सुनेचं एकमत झालेलं बघून काटेमास्तर इतके गांगरले, की सव्वा किलो त्यांनी मुकाट्याने सोडून दिले.

घरी आल्यावर मला दाराजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलं. दाराजवळ राहणाऱ्याला घरातलं सगळं ऐकू येतं. आजीचा गुडघा आधीही सुजला होता आणि काटेमास्तरांनी तेव्हाच बजावलं होतं, "पाय पूर्ण बरा असेल तरच यायचं. नाहीतर पुढच्या वर्षी बघू." आजीने महिन्याभरात पाय बरा झाल्याचं जाहीर करून टाकलं. माईचा फोन आला की आजी आवाज खाली आणून बोलायची. एकदा माई फोनवर इतकी मोठ्याने बोलली, की मलाही ऐकू आलं. "पुढच्या वर्षीचं मला सांगू नकोस. माझ्या वयात पुढचं वर्ष म्हणजे उधारीचा माल. यायचं तर आत्ता ये."

त्यामुळे आजीला चालून दाखवायचं होतं. चालायला आधार हवा होता, पण हातात काठी दिसली असती तर तिकीट गेलं असतं. बाबागाडी हातात दिसली तर लोक काय म्हणणार? नातीची माया! आणि तसंच झालं. रोज संध्याकाळी आजी ठकूला माझ्यात बसवून फेरी मारायची. शेजारीण म्हणायची, "आजी, नातीला अगदी खाली ठेवत नाही हं तुम्ही." आजी मान डोलवायची आणि माझ्या दांड्यावर अजून थोडी रेलायची. फुकटची वाहवा मिळत असेल तर ती कशाला सोडा?

माझ्यात एक दोष आहे, तोही सांगते. हलक्या गाडीचा तोल बसलेल्या मुलावर असतो. एकदा आजीने दांड्याला बटाट्यांची पिशवी अडकवली आणि दारात ठकूला उचललं. मी तत्क्षणी मागे कलंडले. बटाटे जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेले. काटेमास्तर प्रत्येक बटाटा वेचत म्हणाले, "पुढे वजन नसेल तर मागे भार द्यायचा नाही, आई. साधा हिशेब आहे." आजीने तो हिशेब मनात पक्का ठेवला.

काटेमास्तर रात्री जेवल्यावर मला मिटायचा सराव करत. सात सेकंद, पाच सेकंद, शेवटी तीन. "विमानाच्या दारात लोक खोळंबतात," ते म्हणत. त्यांचा तीन सेकंदांचा अभिमान बघून मलाही माझा अभिमान वाटायचा. पुढे तोच आम्हा दोघांना भोवला.

प्रवासाचा दिवस आला. जाताना सगळं सुरळीत झालं. ठकू माझ्यात, आजी माझ्यामागे. विमानाच्या दारात आजी बैठकीचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने मला शेवटपर्यंत धरून होती. मग नारंगी जाकिटातल्या माणसाने मला नेलं आणि मी दोन तास सामानाच्या अंधारात थंडीने आखडून पडले. उतरल्यावर त्यांनी मला पुन्हा दारात आणून उभी केली. आजी माझी वाट बघत भिंतीला धरून उभी होती.

पण ठकू झोपली होती, ती बाबांच्या खांद्यावर. उठवलं तर सगळ्या विमानतळाला कळलं असतं. तेव्हा मी रिकामी. आजीने मग काय केलं असेल? पाण्याच्या नळावर जाऊन एकेक लिटरच्या दोन बाटल्या काठोकाठ भरल्या, माझ्या बैठकीत ठेवल्या, वर स्वतःची जाडजूड पर्स ठेवली. साधा हिशेब. मग ती निघाली.

समोर न संपणारी वाट होती. एका बाजूला काचा, दुसऱ्या बाजूला जाहिराती आणि मधून सरकता पट्टा, ज्यावर उभं राहिलं की माणूस आपोआप पुढे जातो. पट्ट्याच्या तोंडाशी बाबागाडीचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

"आई, इथे गाडी चालत नाही. मिटतो मी," काटेमास्तर म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. मी आपली बाजूने चालत येते."

"कशाला? पट्ट्यावर पाय न हलवता पोचशील. अगं, तुझ्या पायांसाठीच म्हणतोय मी." आणि मग त्यांना बाटल्या दिसल्या. "हे काय? दोन लिटर? आई, दोन किलो झाले हे! पाणी काय तिकडे मिळत नाही?"

त्यांनी पर्स उचलून बायकोकडे दिली. बाटल्या काढून जमिनीवर ठेवल्या. "थांब रे, थांब," आजी म्हणत होती. पण ठकूला एका खांद्यावर सांभाळून दुसऱ्या हाताने तीन सेकंदांत गाडी मिटून दाखवायची वेळ इतक्या दिवसांनी आली होती. दांड्यावर आजीचे दोन्ही तळवे होते. त्यांनी बटण दाबलं आणि हिसका दिला.

मी काय करणार, मित्रांनो? मला मिटायलाच शिकवलं होतं. मी मिटले आणि आजी माझ्यावर आली. मला जमेल तेवढं मी तिला तोललं. माझी डावी बिजागरी कड्कन वाकली, पण आजी गुडघ्यावर आपटली नाही. ती कुशीवर पडली.

काटेमास्तर पांढरेफटक पडले. "आई! आई, लागलं का? मी... कुठे लागलं?"

"ओरडू नकोस, पोर उठेल," आजी म्हणाली.

तोपर्यंत साडी वर सरकून आजीचा उजवा पाय सगळ्यांना दिसला होता. गुडघा वांग्याएवढा सुजलेला. काटेमास्तर खाली बसले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "कधीपासून?"

"तू काटा घेऊन हिंडत होतास ना, तेव्हापासून. सगळ्या गाड्या टांगल्यास. आईला तेवढं टांगायचं राहिलं."

"सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

ठकूच्या आईने आजीच्या पाठीमागे हात घातला आणि शांतपणे म्हणाली, "मला दुकानातच कळलं होतं, आई. रंग मलाही नव्हता आवडला."

आजीने सुनेकडे बघितलं. "दीड महिना गप्प राहिलीस?"

"तुम्ही गप्प होतात, म्हणून मीही."

तिथल्या एका कर्मचारी बाईंनी चाकांची खुर्ची आणली. आजी बसेना. मुलाचा हात धरून म्हणाली, "यात बसले तर उद्याच्या विमानाने माघारी नाही ना पाठवायचास?"

"काढलेलं तिकीट वाया घालवणारा माणूस आहे का मी?" काटेमास्तर म्हणाले. हसायला गेले, पण डोळे पुसावे लागले. एका हातात ठकू होती, म्हणून नाकही धड पुसता आलं नाही.

माईच्या घरापाशी काटेमास्तरांनी मला जोर लावून उघडलं आणि आजी मला धरून चालत आली. माई दारातच उभी होती. तिने बहिणीला आधी नखशिखांत पाहिलं, मग मला. "ही कुणाची गाडी?"

"माझी," आजी म्हणाली.

"चालायला गाडी लागते होय तुला? आणि मला फोनवर सांगत होतीस, ठणठणीत आहे म्हणून!"

"आणि तू म्हणाली होतीस ना, तुझ्या गुडघ्यांना काही झालं नाही म्हणून? मग दाराला का धरून उभी आहेस?"

दोघी एकमेकींकडे बघून आधी हसल्या आणि मग रडल्या. त्या दिवशी डॉक्टर घरी येऊन गुडघा बघून गेले. आराम करा, आणि चालायचंच असेल तर आधार घेऊन चाला, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या सकाळी काटेमास्तरांनी माईकडची जुनी रद्दी एका पिशवीत भरली आणि ताणकाट्याला टांगली. सात किलो. थोडी अजून घातली. आठ किलो. पिशवी माझ्या बैठकीत ठेवून पट्टा बांधला, दांडा स्वतः दाबून बघितला आणि मग आईला बोलावलं. हा माणूस काटा घेऊन वजन वाढवतोय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नऊ दिवस दोघी बहिणी आळीपाळीने मला धरून गल्लीच्या टोकापर्यंत फिरल्या. गल्लीतली मुलं विचारायची, "आजी, गाडीत बाळ कुठेय?" माई म्हणायची, "आत्ता वर्तमानपत्र वाचतंय."

वाकलेल्या बिजागरीमुळे मी पुन्हा कधी मिटले नाही. न मिटणारी घडीची गाडी परत कोण नेणार? मी माईकडेच राहिले. माझं कापड विटलंय, एक चाक कुरकुरतं, पण रोज सकाळी माई मला धरून दुकानापर्यंत जाते. पुढच्या खेपेला आजी आली तेव्हा हातात उघड उघड काठी होती, आणि ती काठी मुलानेच आणून दिली होती. वजन करूनच आणली असणार.

मित्रांनो, माझ्यासारखी गाडी घ्यायला गेलात तर वजन जरूर बघा, घडीही बघा. पण घरातलं जे माणूस काही न बोलता दांडा धरून बघतं, त्यालाही एकदा विचारा. आणि मिटण्याआधी दांड्यावर कुणाचा हात आहे, ते बघा. माझ्या चाकांत वर्षाकाठी दोन थेंब तेल घातलंत तरी मला पुरे.

आता कुणी काय भरलं ते सांगते. साडेपाच किलो वाचवायला निघालेले काटेमास्तर नऊ दिवस अकरा किलोंची ठकू खांद्यावर घेऊन फिरले आणि पाठीला मलम लावून परत गेले. आजीने सहा आठवडे सुजलेला पाय भरला. सुनेने दीड महिन्याचं मौन. मी माझी घडी दिली, माझ्याकडे दुसरं होतं काय? ठकूने मात्र काहीच भरलं नाही. ती सगळा वेळ झोपली होती.