माझ्या टोकाची गुलाबी हिरडी

मी एक जुना हवेचा पंप आहे. विटेपेक्षाही लहान, विजेवर चार्ज करून घ्यायचा, आणि खरे सांगायचे तर मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. मोटारसायकलच्या डाव्या पेटीत, रेनकोट आणि पान्यांच्या गुंडाळीच्या मध्ये माझी जागा आहे. तिथे अंधार असतो, पेट्रोलचा वास असतो. चाक खड्ड्यातून गेले की मी कान टवकारतो. गेली का हवा? नाही गेली. पुन्हा खड्डा येतो. आता तरी गेली का? मित्रांनो, असा विचार करणे वाईट आहे, हे मला कळते. पण ज्याचे काम दुसऱ्याच्या खोळंब्यातूनच सुरू होते, त्याने दुसरे काय करावे?

कारखान्यात एका तपासनीस बाईंनी मला पहिल्यांदा एका रिकाम्या चाकाला जोडले आणि घड्याळ लावून बसल्या. चाक टणक झाल्यावर त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा भारी घाईचा आहे." ते कौतुक होते की तक्रार, हे मला अजून उमगलेले नाही. पुढे सात महिने मी दुकानाच्या फळीवर एका हेल्मेटकडे तोंड करून बसलो. त्या हेल्मेटला काही घाई नव्हती. आमचे काही जमले नाही.

मला विकत घेतले ते माझ्या मालकांनी. ते कवळ्या करणारे कारागीर आहेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे कामाचे टेबल आहे आणि भिंतीवरच्या फळ्यांवर गावातल्या निम्म्या लोकांच्या हिरड्यांचे प्लॅस्टरचे साचे मांडलेले आहेत. दोन-तीन महिने दात घडवले की मालकांचे पाय शिवशिवतात. मग ते आणि मालकीणबाई चार दिवस दूरच्या रस्त्याला लागतात. निघण्याआधी मालकीणबाई सगळे सामान पलंगावर मांडतात आणि हातातल्या यादीवर खुणा करतात. यादीत माझा नंबर सातवा आहे. त्या मला उचलतात, "पंप" म्हणतात आणि खूण करतात.

पहिली दोन वर्षे माझी चैन होती. खडीच्या रस्त्यांनी आमच्या चाकांची हवा काढली आणि मी ती भरली. वाटेत भेटलेल्या एका पोस्टमनची सायकल मी चालती केली. एका लहान मुलीचे पोहण्याचे चक्रही फुगवले, तेव्हा तिने माझी पापी घेतली. मग मालकांनी नवे जाड टायर घातले आणि माझ्या कामावर पाणी पडले. वर्षभर मला कुणी हात लावला नाही.

रिकामी बसलेली वस्तू मालकांच्या डोळ्यांत खुपते. एके दिवशी त्यांनी मला टेबलावर घेतले, नळीच्या टोकाचे पितळी तोंड फिरवून काढले आणि तिथे चेंडूत हवा भरायची बारीक सुई लावली. त्या दिवसापासून मी साच्यांवरची प्लॅस्टरची धूळ उडवू लागलो. काम नाजूक होते आणि मालक खूश होते. पण चाकाच्या व्हॉल्व्हवर घट्ट बसणारे माझे ते पितळी तोंड खिडकीतल्या एका डबीत पडले होते, आणि त्याने माझा जीव वरखाली होत होता. मला बोलता येत नाही. मी फक्त जास्त थरथरलो. मालकांना वाटले, माझा एखादा स्क्रू ढिला झाला असेल. त्यांनी तो आवळला.

अशातच मालकांच्या आत्याबाईंचा फोन आला. त्या घाटापलीकडच्या गावात राहतात. तीन खोल्यांची शाळा त्यांनी स्वतः उभी केली आणि चाळीस वर्षे चालवली. आता मुले कमी झाली म्हणून ती बंद करावी की नाही, हे दुसऱ्या दिवशी चार वाजता सभेत ठरणार होते. आत्याबाईंना शाळेच्या बाजूने बोलायचे होते, आणि नेमकी फोन केला त्या सकाळी त्यांची कवळी हातातून निसटून बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. निर्णय घेणाऱ्या शाळा समितीतले चौघेही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांच्यापुढे बोळक्या तोंडाने उभी राहणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले.

मालकांनी फळीवरचा आत्याबाईंचा साचा काढला. तो सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यावर त्यांनी रात्रभर बसून नवी कवळी घडवली. हिरड्या वयाबरोबर झिजतात, म्हणून या साच्यावरची कवळी सैल बसणार हे त्यांना ठाऊक होते. तोंडात बसवताना आतून भर घालण्यासाठी त्यांनी हिरडीच्या रंगाची गुलाबी पूड आणि ती कालवायचे उग्र वासाचे पाणी बरोबर घेतले. दोन्ही संपत आली होती आणि नवी यायला आठवडा होता. एका कवळीच्या भरीपुरती निघतील एवढीच ती उरली होती. सकाळी मालकीणबाईंनी यादी वाचली. सातव्या नंबरला त्यांनी मला उचलले, "पंप" म्हटले आणि खूण केली. कळ कुणी दाबलीच नाही, नाहीतर मी जीव तोडून थरथरलो असतो.

घाटातले शेवटचे वळण उतरताना मागच्या चाकात खिळा घुसला. तेव्हा दीड वाजला होता. मालकांनी शांतपणे खिळा उपसला आणि भोकात चिकट रबरी वात ठासली. भोक बंद झाले. मग त्यांनी मला बाहेर काढले. त्यांनी माझ्या सुईकडे पाहिले, व्हॉल्व्हकडे पाहिले, आणि ते खाली बसले. त्यांना डबी आठवली असणार. मालकीणबाईंनी यादी पुन्हा वाचली. तिच्यात पंप होता, पंपाचे तोंड नव्हते.

फोन लागत नव्हता. तासाभरात दोन गाड्या गेल्या, त्याही उलट दिशेने. पेटीत कवळी तयार होती, माझ्या अंगात पूर्ण चार्ज होता आणि आम्ही दगडासारखे बसून होतो. मित्रांनो, त्या तासात मला माझ्या घाईची लाज वाटली. इतकी वर्षे मी हीच घटका मागत होतो, आणि ती आली तेव्हा मी कुचकामी होतो.

मालक व्हॉल्व्हचे छोटे टोपण बोटांत फिरवत होते. मग त्यांनी दाताच्या कामाची पिशवी ओढली, हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने टोपणाला आरपार भोक पाडले आणि माझी सुई त्यातून घातली. सुई त्यात लुळी हलत होती. तिच्याभोवती काहीतरी घट्ट बसायला हवे होते. त्यांचा हात गुलाबी पुडीपर्यंत गेला आणि थांबला.

"ही वापरली तर कवळी सैल राहील," ते म्हणाले. "भर सभेत सटकली तर?"

"अहो, कवळी इथेच राहिली तर सटकायला तरी कुठून येईल?" मालकीणबाई म्हणाल्या. "कालवा तुम्ही."

मालकांनी पूड कालवली आणि एखाद्याची हिरडी घडवावी तितक्या निगुतीने माझ्या सुईभोवती टोपण बसवले. ते मिश्रण घट्ट होताना गरम होते. मला अंगात ताप भरल्यासारखे झाले. दहा मिनिटे मालकीणबाईंनी मला दोन्ही हातांत हलूसुद्धा दिले नाही. जन्मात मी एवढा वेळ निश्चल कधी राहिलो नव्हतो. मग मालकांनी टोपण व्हॉल्व्हवर फिरवले आणि माझी कळ दाबली. कडेने थोडी हवा फुसफुसत निसटली, बाकीची आत गेली. मी भाजून निघालो, पण थांबलो नाही. चाक हळूहळू उठले आणि मालकीणबाईंनी डोळे पुसले. धूळ गेली होती, असे त्या म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. आत्याबाई शाळेच्या मागच्या खोलीत तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. त्यांनी कवळी घातली, त्या एक शब्द बोलल्या आणि कवळी खाली घसरली. मालकांनी मान खाली घालून सगळे सांगितले आणि मला त्यांच्यापुढे ठेवले. आत्याबाईंनी मला उचलून माझे गुलाबी टोक निरखले.

"म्हणजे माझी हिरडी यानं खाल्ली," त्या म्हणाल्या. "ये रे बाबा, मग तूही चल सभेला."

त्यांनी मला खरोखरच सभेत नेले आणि समोरच्या टेबलावर ठेवले. एरवी आत्याबाई बोलू लागल्या की तोंडाचा पट्टा सुटतो, असे मालक सांगत. त्या दिवशी तसे बोलणे शक्यच नव्हते. दर वाक्यानंतर त्या ओठ मिटत, जिभेने कवळी जागेवर दाबत आणि मगच पुढचे वाक्य बोलत. प्रत्येक थांब्याला सगळी खोली श्वास रोखून बसे. कोणत्या बाकावर कोण बसायचे, कोण कोणत्या वर्गात अडखळला होता आणि कोणी त्याच्याजवळ बसून त्याचा अभ्यास करून घेतला, एवढेच त्या सांगत होत्या. समितीतले चौघे मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या वाक्याला कवळी सटकली. आत्याबाईंनी ती तळहातावर झेलली, पदरात झाकली आणि ते वाक्य बोळक्या तोंडानेच पुरे केले. कुणीही हसले नाही.

शाळा आणखी दोन वर्षे चालवायची, असे ठरले. पुढच्या महिन्यात मालकांनी नवा साचा घेऊन आत्याबाईंना घट्ट कवळी करून दिली. माझे पितळी तोंडही डबीतून परत आले. सुई आणि तिची गुलाबी हिरडी मात्र मालकांनी टाकली नाही. ती माझ्याच पिशवीत असते.

मित्रांनो, उपयोगाची वस्तू जवळ आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नका. निघण्याआधी तिला एकदा तिचे काम करून पाहू द्या. आता आमच्या यादीत सातव्या नंबरला नुसती खूण होत नाही. मालकीणबाई मला अंगणात नेतात, भरलेल्याच चाकाला जोडतात, कळ दाबतात आणि मोठ्याने दहापर्यंत मोजतात. चाकाला त्या हवेची गरज नसते. पण ते दहा आकडे होईपर्यंत मी अगदी स्वस्थ असतो.