जोडकार्ड

रुकय्याबाई आंजर्लेकरांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, म्हणून ते वाढत गेलं. आलं तेव्हा ते साधं जोडकार्ड होतं. अर्ध्या भागावर त्यांचा मजकूर आणि दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा, त्यावर त्यांनी स्वतःच्याच हातानं स्वतःचा पत्ता घालून ठेवलेला. पहिल्या वर्षी ते पाटीएवढं झालं, मग पाटाएवढं. टेबलाच्या खणात मावेना तेव्हा मी ते कपाटामागे सरकवलं. कपाटापेक्षा उंच झालं तेव्हा माझ्या खोलीचं दार काढून त्या जागी तेच बसवलं. बिजागऱ्या नीट धरल्या. येता-जाता मजकूर समोर येई. अक्षरं ताटाएवढी झाली होती.

"स. न. वि. वि. नातीला शाळेत बाईंनी विचारले, तू मराठी की मुसलमान. ती म्हणाली, आजीला विचारून सांगते. मी म्हटले, कोशात बघून सांगते. आपल्या कोशात 'मराठी' याखाली भाषा दिली आहे, माणूस दिलेला नाही. तरी मी त्यात येते किंवा कसे, ते कळवावे. मुलगी वाट पाहते आहे."

शब्दसंग्रह मंडळाच्या कोशाचं काम तेव्हा मी पाहत होतो. उत्तर देणं माझ्याकडेच होतं, आणि मी बसलोही होतो. मजकूर कसाबसा जमे. खाली 'आपला' लिहून सही करायची, तिथं हात अडे. आमच्या कोशात 'आपला' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, तुमचा. दोन, तुमचा-माझा, सगळ्यांचा मिळून. पहिला अर्थ घेतला तर ते खोटं सौजन्य झालं असतं. दुसरा घ्यायला मंडळाची मान्यता लागली असती. मी मान्यता मागितली नाही. मला मागता येत नाही. दुकानात सुटे पैसेही मागता येत नाहीत.

मी निवृत्त झाल्यावर मंडळानं नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि 'मराठी माणूस' ही नोंद घालण्यासाठी जाहीर सभा बोलावली. माझं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर लिहायला मला बोलावणं आलं. मी दार बिजागऱ्यांतून काढलं, डोक्यावर घेतलं आणि एसटी स्टँडवर गेलो.

कंडक्टर म्हणाला, "दाराचं तिकीट लागेल, काका."

"दार नाही. पत्र आहे."

त्यानं मान वाकडी करून वाचलं. "पोस्टात टाकलंय का?"

"उत्तर द्यायचंय अजून."

"मग सामान." त्यानं अर्धं तिकीट फाडलं. "पण द्या हो त्या बाईला उत्तर. आमची पोरगी पण असलंच कायकाय विचारते."

मंडळाचं सभागृह लांबलचक आहे. एका बाजूला ओळीनं खिडक्या, खिडक्यांबाहेर अंगण. त्या दिवशी ते भरलं होतं. पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेली एक ठेंगणी म्हातारी बसली होती. मी कार्ड फळ्याशेजारी टेकवलं, तशी ती उठून जवळ आली आणि तिनं एका काना-मात्रेवरून बोट फिरवलं.

"माझंच अक्षर," ती म्हणाली. "केवढं झालं."

"हो," मी म्हणालो.

"नात पण झाली मोठी. कॉलेजात जाते. अजून विचारते, आजी, कोशातनं आलं का काही? म्हटलं, आता आपणच जावं."

"आज मिळेल."

"नाही मिळालं तर मी हलणार नाही हां इथनं, कानडेभाऊ. डबा आणलाय."

मंचावर तिघं होते. अध्यक्ष गुर्जर, कार्यवाह तेलंग, आणि व्याकरण पाहणारे द्रविड. तिघांनाही मी तरुणपणापासून ओळखतो. तिघंही आपापल्या घरी सज्जन आहेत.

"आपण सुरुवात करू या," गुर्जर म्हणाले. "सोपं आहे. लिहा, कानडे. मराठी: मराठी बोलणारा."

मी लिहिलं. सभागृह होतं तसंच राहिलं. कोणीतरी टाळीही वाजवली.

"बोलणारा म्हटलं तर हा नेमीचंदही आला की," तेलंग म्हणाले. नेमीचंद कोपऱ्यावरचा चहावाला. त्याच्या आजोबांपासून मंडळाचा चहा त्यांच्याकडून येतो. तो तेव्हा ट्रे घेऊन मधल्या वाटेत उभा होता. "मातृभाषा घाला."

मी 'मातृभाषा' घातलं. मागची भिंत एका खिडकीइतकी पुढे आली. आवाज झाला नाही. मागच्या रांगा अंगणात गेल्या, आणि नेमीचंद ट्रेसकट खिडकीबाहेर उभा दिसला.

"चहा कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

"काय म्हणतोय हा?" तेलंगांनी विचारलं.

मला वाटलं गंमत करताहेत. पण गुर्जरही कानाला हात लावून बघत होते. "चहा कुठं ठेवू, असं विचारतोय," मी सांगितलं.

"अच्छा. त्याला म्हणावं, टेबलावर."

"टेबलावर," मी नेमीचंदला म्हणालो.

"ऐकलं मी, अप्पा," तो म्हणाला. "मला कळतंय. त्यांना काय झालं?"

तेव्हा मला वाटत होतं की चूक माझ्याच ऐकण्यात असेल.

रुकय्याबाई उभ्या राहिल्या. "मातृभाषा ना? मग मी आले. बसते."

"भाषा असेल," द्रविड म्हणाले. "भाषेनं काय होतं? सण पाहिजेत. संस्कृती पाहिजे."

"शिमग्याला पालखी आमच्या दारात येते. नारळ मी देते. माझ्या सासूनं दिला, तिच्या सासूनं दिला. पालखीवाले ईदला शिरखुर्मा पिऊन जातात, वर डबा भरून मागतात."

गुर्जरांनी मान हलवली. त्यांना ते आवडलं होतं. पण तेलंग म्हणाले, "तुमच्या दारात येते. तुमच्या दारातून निघत नाही. फरक आहे. लिहा, कानडे: ज्याच्या दारात पालखी येते तो नव्हे, ज्याच्या दारातून निघते तो."

मी खडू धरून थांबलो. हे चूक आहे, असं मी म्हणालो. मी ते म्हणालो हे मला नक्की आठवतं, पण माझा आवाज असा आहे की तो सदऱ्याच्या वरच्या बटणापर्यंत येऊन थांबतो. "मोठ्यानं बोला," तेलंग म्हणाले. मी लिहिलं.

पालखी कोणाच्याच दारातून निघत नव्हती. ती देवळातून निघते. भिंत या वेळी झपाट्यानं आली आणि श्रोते सगळेच्या सगळे अंगणात गेले. खुर्च्यांचाही काही त्रास झाला नाही. रुकय्याबाई सर्वांत पुढे होत्या म्हणून त्या खिडकीच्या गजांशी आल्या, डब्याची पिशवी हातात तशीच. आत आम्ही चौघं उरलो, आणि फळा, आणि कार्ड.

"आता आम्हाला मोकळेपणानं बोलता येईल," गुर्जर म्हणाले. सकाळी ते 'आपण' म्हणाले होते. शब्द कधी बदलला, ते त्यांनाही कळलं नसावं. मला कळलं. माझा धंदाच तो होता.

"माझं उत्तर द्या, मी जाते," रुकय्याबाई गजांतून म्हणाल्या.

"बाई काय म्हणताहेत?"

"माझं उत्तर द्या, मी जाते, असं म्हणताहेत."

"बघा, आता कसं स्वच्छ कळलं," तेलंग म्हणाले. "कुठली भाषा आहे त्यांची?"

"मराठी."

"ते झालं. मूळची कुठली? विचारा त्यांना, मूळच्या कुठल्या."

विचारायची गरज नव्हती. त्या ऐकतच होत्या, आणि हसत होत्या. ते हसू मला बघवलं नाही. "कानडेभाऊ," त्या म्हणाल्या, "आधी ह्यांना विचारा, तुमची नावं काय?"

मी विचारलं.

"गुर्जर."

"तेलंग."

"द्रविड. का?"

"म्हणजे एक गुजरातेतनं आले," रुकय्याबाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "एक तेलंगणातनं, एक पार खालनं. दुभाषा म्हणून बसवलाय तो कानडी. आणि मी आंजर्ल्याची, नाव आंजर्लेकर, तर मला विचारतात मूळची कुठली. सांगा त्यांना हे. गाळू नका काही."

मी आयुष्यभर गाळत आलो आहे. शिव्या गाळल्या, बोलीतले अडचणीचे शब्द गाळले, कोणाला लागेल ते गाळलं. त्या दिवशी मी काही गाळलं नाही. 'पार खालनं' सुद्धा तसंच्या तसं सांगितलं.

द्रविड म्हणाले, "आडनावाला अर्थ नसतो. तो नुसता ध्वनी असतो."

"बाईंच्या 'रुकय्या' नावाला होता वाटतं, आत्ता," मी म्हणालो.

तेलंगांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कौतुकानं पाहिलं. "कानडे, तुमचं मराठी मात्र फार छान आहे हो," ते म्हणाले. "कुठं शिकलात?"

मला राग सहसा वेळेवर येत नाही. तो घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी दाढी करताना येतो, आणि तेव्हा समोर मीच असतो. त्या दिवशी तो वेळेवर आला. माझे कान तापले. या माणसाच्या पहिल्या लेखाचं शुद्धलेखन मी तपासलं होतं. पहिल्या ओळीत त्यानं ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका केल्या होत्या आणि मी त्या कोणाला न सांगता दुरुस्त केल्या होत्या.

"आईकडे," मी म्हणालो.

तेलंगांनी गुर्जरांकडे पाहिलं. "काय म्हणाले?"

"काही कळत नाही," गुर्जर म्हणाले. "हातवारे करून सांगा त्यांना. शेवटचं कलम घालू आणि संपवू. लिहा." ते शब्द सुटे सुटे करून, मोठ्यानं बोलत होते, परक्याशी बोलावं तसं. "ज्याचे. पूर्वज. कुठूनही. आलेले. नाहीत. असा."

त्याचं काय होणार, हे मला दिसत होतं. मी सांगू शकलो असतो. मी सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं, हा आता माझा बचाव आहे. पण खरं असं की मला सांगायचं नव्हतं. मी नवा खडू घेतला. फळ्याच्या मधोमध, जाड, टपोऱ्या अक्षरांत ते वाक्य लिहिलं. 'पूर्वज'मधला पू दीर्घ आहे ना, ते तपासलं. शेवटी पूर्णविराम दिला आणि तो गिरवला.

आधी गुर्जर गेले. "आम्ही," असं काहीतरी म्हणता म्हणता भिंत त्यांच्या पुढे आली. तेलंग टेबलाला धरून होते, ते टेबलासकट गेले. द्रविड जाताना वाक्य वाचत होते, त्यात व्याकरणाची चूक शोधत होते. चूक नव्हती.

मी राहिलो, कारण लिहिणारा मोजला जात नाही. कोश लिहिणारा कोशातल्या कुठल्याच नोंदीत नसतो.

व्याख्या आता अचूक झाली होती. तिच्यात कोणीही येत नव्हतं. भिंती तिच्या मापानं सरकत राहिल्या. खिडक्या एकात एक मिटल्या. छत टाळूला टेकलं तेव्हा मी बसलो, गुडघे छातीशी घेतले. फळा पाटीएवढा झाला, मग काडेपेटीएवढा. माझंही माप उतरत असावं, पण मला ते कार्डावरून समजलं. भिंतीला टेकवलेलं ते कार्ड आधी पाटाएवढं झालं, मग पाटीएवढं, आणि शेवटी ते माझ्या हातात मावलं. अक्षरं पुन्हा अक्षरांएवढी झाली होती.

भिंती लोखंडाच्या होत्या. आतून तांबड्या. डिंकाचा आणि गंजाचा वास येत होता. डोळ्यांच्या उंचीवर, टपालपेटीला असते तशी, एकच आडवी फट होती आणि तिच्यातून उजेड येत होता.

बाहेर माणसं बोलत होती. खूप माणसं होती, सगळं अंगण असावं. तेलंगांचा चढा आवाज मी ओळखला. नेमीचंदचा ओळखला, कपांची किणकिण ओळखली. पण काय बोलताहेत ते लागेना. मी कान फटीला लावला. हेल सगळे माझ्या ओळखीचे होते, कुठं दम घेतात, कुठं शेपूट ओढतात, सगळं. शब्द मात्र एकही पोहोचत नव्हता. आतल्याला बाहेरचं कळत नव्हतं, आणि आत आता मी होतो. मग रुकय्याबाई फटीशी आल्या. त्यांचा पदर उजेडावर आला. त्यांनी मला काहीतरी विचारलं, सावकाश, आणि पुन्हा एकदा विचारलं. मला काहीच कळलं नाही. इतक्या वर्षांत मला कशाची एवढी भीती वाटली नव्हती.

मी कार्ड मधल्या घडीवर फाडलं. त्यांचा अर्धा खिशात ठेवला. कोऱ्या अर्ध्यावर मजकुराला भरपूर जागा होती. सप्रेम नमस्कार, विलंबाबद्दल क्षमस्व, आपल्या प्रश्नाबाबत मंडळाचे मत असे की. यातलं मी काही लिहिलं नाही. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं दर वेळी हात अडत होता, तिथं मी लिहिलं:

आपला,
कानडे

आणि कार्ड फटीतून बाहेर सरकवलं. ते अर्ध्यावर अडकलं. अर्धं माझ्याकडे होतं, अर्धं बाहेर. मग बाहेरून कोणीतरी ते बोटांत धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. मी माझं टोक सोडलं.

बाहेरचं बोलणं थांबलं. वाचण्याआधी कोणीतरी घसा साफ केला.