पाठीवरच्या दोन रेघा

शिंगवाल्यांच्या दुकानात करवंटीची, शिंपल्याची, हाडाची बटणं मिळत. पण मान शिंगाच्या बटणांना. शिंगाचं प्रत्येक बटण घासूनपुसून झालं की पाठीवर ते कानशीनं दोन बारीक रेघा ओढत. "प्लास्टिक विकायची वेळ आली तर दुकानाला कुलूप लावीन," हे त्यांचं वाक्य सगळ्या बाजाराला पाठ होतं.

त्या दुपारी समोरची इस्त्रीवाली नवऱ्याचा जुना कोट घेऊन आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. कोट जावयाला द्यायचा होता आणि सहापैकी एक बटण हरवलं होतं.

"भाऊ, याच्या जोडीचं द्या."

"थांबा वहिनी, आधी माल कुठला ते बघू."

दुकानात दोन शिंपी बसले होते. त्यांच्यासमोर शिंगवाल्यांना चेव आला. त्यांनी सुई दिव्यावर तापवली आणि एका बटणाच्या भोकाच्या कडेला टेकवली. शिंग असतं तर जळक्या केसांचा वास आला असता. सुई लोण्यात शिरावी तशी आत गेली आणि उग्र वास सुटला.

"अहो, निव्वळ प्लास्टिक! यजमानांना कुणीतरी चांगलीच टोपी घातली की!"

शिंपी खो खो हसले. इस्त्रीवाली हसली नाही.

"इथूनच घेतली होती त्यांनी," ती म्हणाली. "तुमच्याच हातून."

शिंगवाल्यांनी बटण उलटून धरलं. पाठीवर दोन रेघा होत्या.

ते वर्ष त्यांना लख्ख आठवलं. शिंगाचा माल तीन महिने आला नव्हता. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी प्लास्टिकची बटणं आणली आणि रेघा स्वतः ओढल्या. पुढे ते सारं मनाआड केलं, इतकं की आज स्वतःच सुई तापवून बसले.

त्यांनी कोट जवळ ओढला. "वहिनी, सहाही बटणं अस्सल शिंगाची लावून देतो. पैसे नकोत."

"नको. हा कोट त्यांनी आठ वर्षं मिरवला. होता तसाच द्यायचाय मला. त्यातलं एखादं उरलं असेल तर बघा."

'नाही' म्हणणं सोपं होतं. शिंपी टक लावून बघत होते. शिंगवाले उठले, स्टुलावर चढले आणि माळ्यावरचा गंजका डबा खाली काढला. फेकून द्यायचा धीर कधी झाला नव्हता. झाकण निघेना, चांगलं मिनिटभर निघेना. आत मूठभर बटणं होती. त्यांनी एक तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते उलटून पाहिलं. "याच्यावर रेघा नाहीत."

"वहिनी..."

"ते रेघा दाखवायचे सगळ्यांना. म्हणायचे, शिंगवाल्यांचं काम आहे."

एक शिंपी उगीच खाकरला. शिंगवाल्यांनी कानस उचलली. पहिली रेघ तिरपी गेली.

दुसरी ओढताना त्यांनी मान वर केली नाही.